अपेंडिक्सचे चार स्कोअर : कॅज्युअल्टीत कुठला चालतो, कुठला फसवतो

पोटदुखी अपेंडिक्सच्या सुजेची (अपेंडिसायटिसची) आहे का, हे लक्षणांना आणि तपासण्यांना गुण देऊन ठरवणारे हे चार स्कोअर. निकाल आधी, कारणं मागून. लॅब सीआरपीचा (रक्तातल्या जळजळ दाखवणाऱ्या प्रथिनाचा) आकडा देत असेल तर मोठ्या माणसांसाठी एआयआर हा सगळ्यात भरवशाचा स्कोअर. सोळा ते एकोणपन्नास वयाची बाई असेल तर एएएस त्याहून बरा. हाताशी नुसता सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) असेल तर अल्वाराडो चालेल, पण 'हे अपेंडिक्स वाटत नाही' एवढं म्हणण्यापुरताच. आणि आपल्याकडच्या पीजी थीसिसमध्ये ज्याची चलती आहे त्या रिपासावर विसंबून कुणाचं पोट उघडू नये.

चारही फुकट आहेत. फोनवरच्या कॅल्क्युलेटरमध्ये मिळतात, कागदावरही दोन मिनिटांत होतात. खर्च होतो तो लॅबवर, आणि कस लागतो तो पोट तपासणाऱ्या हाताचा. म्हणून इथे प्रत्येक स्कोअर दोन कसोट्यांवर घासला आहे : तालुक्याच्या ठिकाणी, रात्रीच्या ड्यूटीला, सोनोलॉजिस्ट सकाळीच येणार असताना त्याचा उपयोग किती, आणि तो चुकतो तेव्हा कुठल्या बाजूला चुकतो.

अल्वाराडो : जुना, सोपा, आणि फार उदार

अल्फ्रेडो अल्वाराडो यांनी १९८६ साली फिलाडेल्फियातल्या नाझरेथ हॉस्पिटलमधल्या ३०५ रुग्णांच्या नोंदींवरून हा स्कोअर बसवला. आठ गोष्टी, दहा गुण. दुखणं सरकून उजवीकडे आलं १, भूक मेली १, मळमळ किंवा उलटी १, उजव्या इलियाक फॉसात (पोटाच्या उजव्या खालच्या भागात) दाबल्यावर दुखणं २, रिबाउंड (दाबलेला हात सोडताना दुखणं) १, ताप ३७.३ अंश सेल्सिअस किंवा वर १, पांढऱ्या पेशी दहा हजारांच्या वर २, त्यातल्या न्यूट्रोफिल पेशी ७५ टक्क्यांच्या वर १. पाच-सहा म्हणजे असू शकतं, सात-आठ म्हणजे बहुधा आहे, नऊ-दहा म्हणजे जवळपास नक्की.

एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. ते ३०५ जण अपेंडिक्सच्या संशयाने आधीच भरती झालेले होते. म्हणजे कुणीतरी अनुभवी डॉक्टरने त्यांना आधी चाळून घेतलं होतं. ओपीडीत पोट धरून आलेल्या प्रत्येकाला तोच स्कोअर लावला की गुण फुगतात. मळमळ, भूक नाही, अंग किंचित गरम आणि थोडी वाढलेली टीएलसी (पांढऱ्या पेशींची एकूण संख्या) एवढं गॅस्ट्रोएंटरायटिसच्या (जुलाब-उलट्यांच्या) रुग्णालाही असतं. नुसत्या तेवढ्यावर पाच गुण होतात, पोटाला हात न लावता.

२०११ साली ४२ अभ्यास एकत्र करून या स्कोअरचा आढावा घेतला गेला. पाचच्या खालच्यांना घरी पाठवायचं असं ठरवलं तर सेन्सिटिव्हिटी ९९ टक्के निघाली, म्हणजे खरे अपेंडिक्सचे रुग्ण जवळपास निसटत नाहीत. सातला ऑपरेशन ठरवायचं म्हटलं तर मात्र स्पेसिफिसिटी ८१ टक्के. अपेंडिक्स नसलेल्या शंभर जणांमागे एकोणीस जणांचा स्कोअर सात किंवा वर येतो. पुरुषांत त्याचा अंदाज बऱ्यापैकी बरोबर बसतो, बायकांत तो वाढीव येतो आणि लहान मुलांत कधी असा कधी तसा. वर्ल्ड सोसायटी ऑफ इमर्जन्सी सर्जरीच्या २०२० च्या जेरुसलेम मार्गदर्शिकेनेही मोठ्या माणसांत निदान पक्कं करायला अल्वाराडो वापरू नये असंच म्हटलं आहे.

सुधारित अल्वाराडो हा वेगळा प्रकार. १९९४ मध्ये न्यूट्रोफिलचा गुण काढून तो नऊचा केला गेला. घोळ होतो तो इथे : एक डॉक्टर नऊपैकी मोजतो, दुसरा दहापैकी, आणि केसपेपरवर नुसतं 'अल्वाराडो ६' लिहिलेलं असतं. कुठला वापरला ते लिहायला एक शब्द लागतो.

एआयआर : जळजळ मोजणारा

स्वीडनमधून २००८ साली आलेला हा स्कोअर नावातच स्वतःचं काम सांगतो : अपेंडिसायटिस इन्फ्लमेटरी रिस्पॉन्स. रुग्ण काय सांगतो याला त्यात फारच कमी किंमत आहे. उलटी १ आणि उजव्या खालच्या बाजूला दुखणं १, बस. भूक नाही, दुखणं सरकलं, यांना शून्य. बाकी सगळे गुण जळजळीचे. रिबाउंड किंवा गार्डिंग (हात लावताच पोट आपोआप आवळणं) सौम्य असेल तर १, मध्यम २, जोरदार ३. ताप ३८.५ किंवा वर १. न्यूट्रोफिल ७० ते ८४ टक्के १, ८५ च्या पुढे २. टीएलसी १०,००० ते १४,९०० ला १, पंधरा हजारांपासून पुढे २. सीआरपी लिटरला १० ते ४९ मिलिग्रॅम १, ५० पासून पुढे २. एकूण बारा. शून्य ते चार कमी धोका, पाच ते आठ मधला, नऊ ते बारा जास्त.

याची खरी ताकद पायऱ्यांत आहे. अल्वाराडोत टीएलसी १०,२०० असो की २२,०००, गुण दोनच. पोट किंचित आवळलेलं असो की लाकडासारखं कडक, गुण तोच. एआयआरमध्ये आजार वाढला की आकडाही वाढतो, त्यामुळे फुटायला आलेलं किंवा गँग्रीन झालेलं अपेंडिक्स त्यात चांगलं पकडलं जातं. आणि त्याचमुळे सहा-आठ तासांनी परत मोजण्यात अर्थ राहतो. अल्वाराडो पहिल्याच फेरीत नऊवर पोहोचला तर दुसऱ्या फेरीत तो सांगणार काय?

स्वीडनच्या २५ रुग्णालयांत ३,७९१ रुग्णांवर या स्कोअरनुसार उपचार करून बघितले, निकाल २०१७ मध्ये आला. कमी धोक्याच्या गटात सीटी-सोनोग्राफीचं प्रमाण ३४.५ वरून १९.२ टक्क्यांवर आलं, भरती ४२.८ वरून २९.५ वर, आणि काही न सापडता पोट उघडण्याचं प्रमाण ३.२ वरून १.६ वर. मधल्या गटातली गोष्ट आणखी विचार करायला लावणारी. त्यातल्या निम्म्यांची सरसकट इमेजिंग केली, निम्म्यांना नुसतं भरती ठेवून परत परत तपासलं. इमेजिंगवाल्यांत अपेंडिक्सचा उपचार झालेले ५३.४ टक्के निघाले, निरीक्षणवाल्यांत ४६.३. सौम्य अपेंडिसायटिस काही वेळा आपोआप शमतो, आणि स्कॅन केला की तोही ऑपरेशनच्या यादीत येतो, असा त्याचा सरळ अर्थ लागतो. सोनोग्राफी सकाळीच होणार असेल तर रात्रभर ठेवून पोट दोनदा तपासणं ही नाइलाजाची गोष्ट नाही, हे त्यातून घ्यावं.

उणीव? सुरुवातीच्या तासांत येणाऱ्याला तो कमी लेखतो. सीआरपी वाढायलाच सहा ते बारा तास लागतात. दुखणं सुरू होऊन पाच तास झालेत आणि एआयआर ३ आला, तर त्या तिनावर रुग्ण घरी पाठवू नये.

एएएस : नीट विचार करून बनवलेला, पण कागदावर त्रासाचा

हेलसिंकीहून २०१४ साली आलेला ॲडल्ट अपेंडिसायटिस स्कोअर २३ गुणांचा आहे. उजव्या खालच्या बाजूला दुखणं २, सरकलेलं दुखणं २. दाबल्यावर दुखण्याला सोळा ते एकोणपन्नासच्या बाईला १ आणि बाकी सगळ्यांना ३. गार्डिंग सौम्य २, मध्यम किंवा जोरदार ४. टीएलसी ७,२०० पासून १, १०,९०० पासून २, चौदा हजारांपासून ३. न्यूट्रोफिल ६२ टक्क्यांपासून २, ७५ पासून ३, ८३ पासून ४. अकरापेक्षा कमी म्हणजे कमी धोका, अकरा ते पंधरा मधला, सोळा आणि वर जास्त.

त्या बाईच्या १ आणि बाकीच्यांच्या ३ मध्ये या स्कोअरचं शहाणपण आहे. पाळीच्या वयात उजव्या ओटीपोटात दाबल्यावर दुखण्याची कारणं ढीगभर : अंडाशयाची गाठ फुटणं, ओव्ह्युलेशनचं दुखणं, पेल्विक इन्फेक्शन, नळीतली गर्भधारणा. त्यामुळे त्याच चिन्हाचं वजन तिथे कमी धरलं आहे.

सीआरपीचं कोष्टक मात्र पहिल्यांदा बघणाऱ्याला छापण्यातली चूक वाटेल. दुखणं चोवीस तासांच्या आत असेल तर ४ ते १० ला २, ११ ते २४ ला ३, २५ ते ८२ ला ५, आणि ८३ च्या वर एकदम खाली, १. चोवीस तासांनंतर १२ ते १५१ ला २, १५२ पासून पुढे १. ही चूक नाही. काही तासांत सीआरपी शंभराच्या पार गेली असेल तर तो न्यूमोनिया, पायलोनेफ्रायटिस (मूत्रपिंडाचा संसर्ग) किंवा आतड्याचा वेगळा संसर्ग असण्याची शक्यता वाढते. तोंडी बेरीज करणारे इथे हमखास चुकतात, 'सीआरपी जास्त म्हणजे गुण जास्त' असं धरून. हा स्कोअर कॅल्क्युलेटरवरच करावा, आणि दुखणं कधी सुरू झालं ती वेळ विचारल्याशिवाय करूच नये.

ब्रिटनमधल्या १५४ रुग्णालयांतल्या ५,३४५ रुग्णांचा रिफ्ट अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. तिथल्या बायकांत अपेंडिक्स काढल्यावर ते निरोगी निघण्याचं प्रमाण २८.२ टक्के होतं, पुरुषांत १२.१. उगाच भरती टाळण्यासाठी बायकांत एएएस ८ किंवा कमी आणि पुरुषांत एआयआर २ किंवा कमी, हे दोन उंबरे सगळ्यात चांगले ठरले. त्या खालच्या गटातही अपेंडिसायटिस निघालेले बायकांत ३.७ टक्के, पुरुषांत २.४ टक्के होते. घरी पाठवताना 'उद्या परत दाखवा' हे का म्हणायचं, ते या दोन आकड्यांत आहे.

रिपासा : आशियाई म्हणून आपला?

ब्रुनेईच्या राजा इस्तेरी पंगिरान अनाक सालेहा हॉस्पिटलच्या आद्याक्षरांवरून नाव पडलेला हा स्कोअर २०१० सालचा. पाश्चात्त्य स्कोअर आशियाई रुग्णांना बसत नाहीत, हा त्यामागचा विचार. चौदा गोष्टी, शिवाय ब्रुनेईचं ओळखपत्र नसलेल्या परदेशी माणसाला एक जादा गुण. ती ओळ आपल्याकडे आपोआप गळते. उंबरा साडेसात, बारापासून पुढे नक्की. २०११ च्या तुलनेत रिपासाची सेन्सिटिव्हिटी ९८ टक्के आली आणि अल्वाराडोची ६८.३, आणि या एका आकड्यावर त्याची कीर्ती उभी आहे. त्याच अभ्यासात स्पेसिफिसिटी रिपासाची ८१.३ आणि अल्वाराडोची ८७.९ होती, हा आकडा सहसा स्लाइडवर येत नाही.

गुणांची रचना बघितली की कारण कळतं. पुरुष १, चाळिशीच्या आत १, दुखणं अठ्ठेचाळीस तासांच्या आत १, लघवीची तपासणी स्वच्छ १. म्हणजे कॉलेजातला कुठलाही पोरगा दारातून आत येतानाच चार गुण घेऊन येतो. उजवीकडे दुखतंय अर्धा, दाबल्यावर दुखतंय १, भूक नाही १, मळमळ-उलटी १. झाले साडेसात. ताप नाही, टीएलसी नॉर्मल, गार्डिंग नाही, रिबाउंड नाही, आणि स्कोअर म्हणतोय 'शक्यता जास्त'. लघवीच्या गुणाचं आणखी एक दुखणं आहे : अपेंडिक्स ओटीपोटात खाली मूत्राशयाला किंवा युरेटरला (मूत्रपिंडाकडून येणाऱ्या नळीला) टेकलेलं असेल तर लघवीत पस सेल्स (पुवाच्या पेशी) येऊ शकतात, आणि ज्याला गुण मिळायला हवा त्याचा गुण कापला जातो.

रिपासातली एक गोष्ट घेण्यासारखी आहे. गार्डिंगला २ आणि रोव्हसिंगला २ देऊन तो डॉक्टरला डावीकडे दाबून उजवीकडचं दुखणं बघायला लावतो. बाकी स्कोअर वापरतानाही ही सवय ठेवावी.

ग्रीसचा झानाकिस स्कोअर इथे एका वाक्यात : पंधरापैकी सहा गुण एकट्या सोनोग्राफीला, उंबरा आठचा. ज्या रात्री सोनोग्राफी नाही, त्या रात्री तो नाही.

एकच रुग्ण, चार उत्तरं

समजा चोवीस वर्षांचा तरुण. चौदा तासांपूर्वी बेंबीजवळ दुखायला लागलं, आता उजवीकडे. मळमळ आहे, उलटी नाही, जेवण नको. उजव्या इलियाक फॉसात दाबल्यावर दुखतं, सौम्य गार्डिंग आणि रिबाउंड, रोव्हसिंग नाही. ताप ३७.६, टीएलसी १२,४००, न्यूट्रोफिल ८०, सीआरपी ३०, लघवी स्वच्छ. अल्वाराडो १० पैकी १०. रिपासा १३, म्हणजे नक्की. एएएस १९, जास्त धोका. एआयआर मात्र ५, मधल्या गटाच्या अगदी तळाशी.

कोण बरोबर? निदानापुरतं पाहिलं तर बहुधा पहिले तिघे. या मुलाला अपेंडिसायटिस असणार. पण एआयआर जे सांगतोय तेही खरं आहे : जळजळ अजून थोडी आहे, पोट फुटायला आलेलं नाही, सकाळच्या सोनोग्राफीची वाट बघायला हरकत नाही. अल्वाराडोने मात्र आपले सगळे पत्ते आधीच टाकले. या मुलाला उद्या पेरिटोनायटिस (पोटाच्या आतल्या अस्तराची सूज) झाला तरी त्याचा अल्वाराडो दहाच राहील.

आता अठ्ठावीस वर्षांची बाई. तीस तासांपासून उजवीकडे दुखतंय, सुरुवातही तिथेच. एकदा उलटी, भूक नाही. दाबल्यावर दुखतं, गार्डिंग-रिबाउंड नाही. ताप ३७.२, टीएलसी ११,२००, न्यूट्रोफिल ७६, सीआरपी ८, लघवी स्वच्छ. अल्वाराडो ७, 'बहुधा आहे'. रिपासा ९, कारण तिथे ३७ च्या वरचा ताप मोजला जातो. एआयआर ४. एएएस ८. इथे दोन जुन्यांच्या नादी लागून चीर दिली तर निरोगी अपेंडिक्स हातात येण्याची शक्यता चांगलीच. या बाईला आधी युरिन प्रेग्नन्सी टेस्ट, मग ओटीपोटासकट सोनोग्राफी, आणि बारा तासांत पुन्हा तपासणी. प्रेग्नन्सी टेस्टला कुठल्याच स्कोअरमध्ये गुण नाही, म्हणून ती विसरली जाते. ती पहिली करायची.

लॅब कुठे दगा देते

सीआरपी म्हणून लहान लॅबमध्ये बऱ्याचदा स्लाइडवरची लॅटेक्स टेस्ट होते. रिपोर्ट येतो 'पॉझिटिव्ह', म्हणजे लिटरला साधारण ६ मिलिग्रॅमच्या वर, एवढंच. त्यावर एआयआर किंवा एएएस होत नाही. टेक्निशियनला सांगून सीरम दुप्पट-दुप्पट पातळ करून बघायला लावलं तर ६, १२, २४, ४८, ९६ अशा पायऱ्या मिळतात. एआयआरपुरतं ते चालवून घेता येतं, एएएसच्या बारीक कोष्टकाला ते पुरत नाही. एकक बघा : काही मशीन डेसिलिटरला मिलिग्रॅम देतात. तिथे ४.८ म्हणजे लिटरला ४८. 'सीआरपी पाचपेक्षा कमी, नॉर्मल' म्हणून सोडलेला हा रुग्ण एआयआरचा एक गुण हरवून बसतो आणि चार-पाचच्या उंबऱ्यावर तोच गुण निर्णायक असतो.

न्यूट्रोफिलची टक्केवारी मशीनवरची आहे की मायक्रोस्कोपखाली शंभर पेशी मोजून काढलेली, तेही विचारावं. शंभर पेशींत ७५ न्यूट्रोफिल आले तर निव्वळ संख्याशास्त्रानेच खरा आकडा साधारण ६६ ते ८३ च्या मधे कुठेही असू शकतो. एएएसमध्ये ६६ ला दोन गुण आणि ८३ ला चार. टेक्निशियनची चूक नसताना दोन गुणांची हालचाल.

मग येते डेक्सा. गावात आधी दाखवून आलेल्या रुग्णाला डायक्लोफिनॅकबरोबर डेक्सामिथासोनचं इंजेक्शन टोचलेलं असणं आपल्याकडे नवं नाही. स्टेरॉइडमुळे काही तासांतच टीएलसी आणि न्यूट्रोफिल वाढतात. अल्वाराडोचे तीन गुण फुकट. पॅरासिटामॉलने ताप उतरलेला असतो, तो एक गुण जातो. आधीच सुरू झालेल्या अँटिबायोटिकने सीआरपी दबते. म्हणून 'इथं यायच्या आधी कुठं दाखवलं, सुई काय दिली' हा प्रश्न गुण मोजण्याच्या आधीचा. दुखणं थांबवायचं इंजेक्शन दिल्याने निदान चुकतं हा समज मात्र सोडून द्यावा. रुग्णाला तळमळत ठेवून स्कोअर सुधारत नाही.

थर्मामीटर फॅरनहाइटचा असेल तर अल्वाराडोचा ३७.३ म्हणजे ९९.१, आणि एआयआरचा ३८.५ म्हणजे १०१.३. फोनवर सेल्सिअसच्या चौकटीत ९९ टाकलेले स्कोअर खरोखर सापडतात.

पावसाळ्यात आणखी एक सापळा. डेंग्यूतही पोट जोरात दुखू शकतं आणि त्यात टीएलसी खाली जाते. टायफॉइडमध्ये उजवीकडे दुखून टीएलसी नॉर्मल किंवा कमी राहते. तिथे स्कोअर कमी येईल आणि तो बरोबरच असेल, पण घरी पाठवायचं कारण ते होत नाही. सीबीसीत प्लेटलेट बघितल्याशिवाय कागद खाली ठेवू नका.

हात आणि प्रश्न

दुखणं सरकण्याचा गुण सगळ्यात जास्त खोटा मिळतो. 'आधी बेंबीजवळ दुखत होतं ना?' असं विचारलं की निम्मे लोक हो म्हणतात. विचारायचं ते असं : पहिल्यांदा दुखलं तेव्हा बोट कुठं ठेवलं असतं? आता कुठं ठेवाल? दोन वेगळ्या जागा त्यांनी स्वतः दाखवल्या तरच गुण. भुकेचंही तसंच : आवडीचं ताट समोर आलं तर खाल का, असं विचारावं. डॉक्टरने उपाशी ठेवलंय म्हणून न जेवलेला माणूस भूक मेलेला नसतो.

रिबाउंडसाठी हात खोल दाबून झटकन सोडायची जुनी रीत रुग्णाला उगाच कळवळायला लावते, आणि एकदा तसं केलं की तो पुढच्या प्रत्येक स्पर्शाला पोट आवळतो. मग गार्डिंगचाही गुण खोटा. खोकायला सांगा, हलक्या बोटाने टिचकी मारत जा, डाव्या बाजूने सुरुवात करून उजवीकडे शेवटी या. गाडी खड्ड्यातून गेली तेव्हा कळ आली का, हेही विचारावं. ही गंमत नाही : इंग्लंडमध्ये २०१२ साली गतिरोधकावरून येताना दुखलं का यावर अभ्यास झाला, आणि पक्क्या निदानाच्या ३४ पैकी ३३ जणांना दुखलं होतं. स्पेसिफिसिटी मात्र ३० टक्के. म्हणजे 'नाही दुखलं' या उत्तराला किंमत आहे, 'दुखलं' याला फारशी नाही. आपल्या रस्त्यांवर तर नाहीच.

जिथे चारही बाजूला ठेवावेत

पाच वर्षांखालचं मूल. त्याला नीट सांगता येत नाही, आणि येईपर्यंत अपेंडिक्स बऱ्याचदा फुटलेलं असतं. त्याहून मोठ्या मुलांसाठी वेगळा पेडियाट्रिक स्कोअर आहे, २००२ सालचा, चार ते पंधरा वयाच्या १,१७० मुलांवरचा. त्यात खोकताना, टिचकीने किंवा एका पायावर उडी मारताना दुखण्याला दोन गुण आहेत. मुलाला लंगडी घालायला सांगितलं आणि ते हसत हसत दोन घरं पुढे गेलं, तर पुष्कळ काही कळलं.

गरोदर बाईची टीएलसी एरवीही वाढलेली असते, मळमळ-उलटीही असते, आणि गर्भाशय अपेंडिक्सला वर ढकलतं. स्कोअर नको, सोनोग्राफी, आणि तीही अपुरी पडली तर एमआरआय जिथे आहे तिथे पाठवणं. सोनोग्राफी करताना फॉर्म एफ (गर्भलिंगनिदानबंदी कायद्याचा) भरायचाच, रात्रीचे दोन वाजले असले तरी.

साठीच्या पुढच्या माणसाचं पोट मऊ राहूनही आत गँग्रीन असू शकतं. तिथे सीटी हवा. चाळिशीनंतर सीकमचा (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागाचा) कर्करोग अपेंडिसायटिसचं सोंग घेऊन येतो, म्हणून जास्त स्कोअर असला तरी स्कॅनशिवाय ऑपरेशन टाळलेलं बरं. चाळिशीच्या आत आणि स्कोअर उंच, एआयआर ९ किंवा वर आणि एएएस १६ किंवा वर, तिथे जेरुसलेम मार्गदर्शिका स्कॅनशिवाय थेट लॅपरोस्कोपीला मुभा देते.

सीकमच्या मागे वळलेल्या अपेंडिक्समध्ये पुढून दाबल्यावर फारसं दुखत नाही; गुण कमी पडतात आणि मांडी मागे ओढल्यावर मात्र रुग्ण ओरडतो. चौथ्या-पाचव्या दिवशी गाठ लागत असेल तर स्कोअरचा प्रश्नच संपला, तो लंपचा (अपेंडिक्सभोवती जमलेल्या गाठीचा) रुग्ण आहे. आणि आठवडेच्या आठवडे उजवीकडे दुखून वजन घटलेल्याला आपल्या देशात आतड्याच्या टीबीचा विचार स्कोअरच्या आधी.

सोनोग्राफीचा रिपोर्ट वाचताना एवढंच : 'अपेंडिक्स दिसलं नाही' आणि 'अपेंडिक्स नॉर्मल' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. सहा मिलिमीटरपेक्षा जाड आणि दाबलं तरी न चेपणारं अपेंडिक्स दिसलं तर प्रश्न मिटला. दिसलंच नाही, तर रुग्ण ज्या गटात होता त्याच गटात आहे. एआयआर ७ असताना तो रिपोर्ट हातात देऊन कुणाला घरी पाठवू नये.

केसपेपरवर नुसती बेरीज लिहिली तर सकाळच्या रेसिडेंटला काही कळत नाही. असं लिहावं : 'रात्री ११.१०, दुखणं १४ तास, आधी सुई नाही. एआयआर ५ : उलटी ०, दुखणं १, गार्डिंग सौम्य १, ताप ०, न्यूट्रोफिल १, टीएलसी १, सीआरपी १. सलाईन चालू, तोंडाने काही नाही. पहाटे ५ ला पोट आणि सीबीसी-सीआरपी परत, तपासणारा तोच.'